काचेतला समुद्र आणि सोऱ्याचा हिशेब

अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशहाच्या आबदारखान्याची हकीकत लिहून ठेवली आहे. तिथे पाणी गार करण्याची एक युक्ती येते. तोफेच्या दारूत पडला की आग ओकणारा सोरा पाण्यात विरघळताना मात्र उष्णता शोषून घेतो. म्हणून पिण्याच्या पाण्याने भरलेली सुरई सोऱ्याच्या पाण्यात धरून फिरवत राहायची. थोड्या वेळात आतले पाणी गार होते.

सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. बिहारमधले नोनिया लोक तो मातीतून काढत. गोठ्यांच्या आसपासची, जुन्या भिंतींच्या पायथ्याची पांढुरकी खारी माती खरवडायची, तिच्यातून पाणी निथळून घ्यायचे आणि ते पाणी आटवायचे. जनावरांचे मूत, शेण, राख, चुना आणि ऊब एवढे एकत्र आले की माती आपणहून सोरा ‘पिकवते’, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. का पिकवते, हे मात्र जगात कुणालाच ठाऊक नव्हते. तेराव्या शतकात सीरियातल्या हसन अल-रम्माहने युद्धतंत्रावरच्या आपल्या ग्रंथात कच्चा सोरा लाकडाच्या राखेने शुद्ध करण्याची रीत लिहिली. ती रीत बरोबर होती, पण सोरा मुळात येतो कुठून, या प्रश्नाला तिचे उत्तर नव्हते. प्लासीची लढाई संपून वर्ष होते न होते तोच, १७५८ मध्ये, इंग्रज कंपनीने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याची मक्तेदारी मिळवली. युरोपातल्या पुढच्या कित्येक लढायांत बिहारच्या गोठ्यांमधला नायट्रेट जळला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत नीळ आणि अफू यांना जागा मिळते; सोऱ्याला फारशी मिळत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

हे सगळे डोक्यात आले ते एका भलत्याच निमित्ताने. माझ्या भाच्याने घरी खाऱ्या पाण्याची टाकी केली आहे. चार फुटांची काच, दोन क्लाउनफिश, तीन डॅमसेल, एक कोळंबी, वाळू आणि मागे घरघरणारी फिल्टरची पेटी. पाणी इतके नितळ की टाकी रिकामी वाटावी. एका रविवारी तो म्हणाला, “मामू, पाणी एवढं साफ आहे, मासे मजेत आहेत, पण टेस्ट केली की नायट्रेट ऐंशी दाखवतंय. दुकानदाराने बाटली दिली होती, ती टाकून पंधरा दिवस झाले. आकडा हलत नाही.”

मी त्याला म्हणालो, “तुझ्या टाकीत सोरा पिकतोय.”

तो हसला, पण ही गंमत नव्हती. बिहारच्या गोठ्यात जे घडत होते तेच त्याच्या टाकीत घडत होते. आम्ल तेच, फक्त जोडीला पोटॅशियमऐवजी समुद्राच्या पाण्यातला सोडियम. मासा खातो, त्यातल्या प्रथिनांमधला नायट्रोजन तो मुख्यतः कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजते, त्याचाही अमोनियाच होतो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया अगदी थोडा असला तरी मासे मारतो. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य, आणि म्हणूनच तो गुपचूप साठत जातो. मासे महिनोन्‌महिने तो सोसतात. प्रवाळ, समुद्रफुले, कोळंबी यांना तो फार लवकर जाचतो, आणि काचेवर, दगडांवर हिरव्या-तपकिरी शेवाळाची सत्ता सुरू होते.

(अमोनिया हे नाव इजिप्तच्या वाळवंटातल्या आमोन देवाच्या मंदिरावरून आले. त्याचा क्षार म्हणजे अरबी-फारसीतला नौशादर, आपला नवसागर. कल्हईवाला तापल्या भांड्यात चिमूटभर पूड टाकतो आणि पांढरा धूर नाकाला झोंबतो, ती हीच मंडळी. मोहल्ल्यात कल्हईवाला यायचा त्या काळात ज्यांचे बालपण गेले त्यांना अमोनियाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.)

आता प्रश्न असा, की साठलेला नायट्रेट घालवायचा कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्यातली बरीच वर्षे उत्तर हाताशी असूनही गेली. त्याचा इतिहास मला सोऱ्याच्या इतिहासाइतकाच रंजक वाटतो.

समुद्रातले जीव काचेत ठेवून पाहणाऱ्या पहिल्या माणसांत दोन स्त्रिया आहेत. फ्रान्सची झान व्हिलप्रो-पॉवर सिसिली बेटावर मेसिना इथे राहत होती. १८३२ पासून तिने काचेच्या टाक्यांत अर्गोनॉट हा कवचधारी अष्टपाद ठेवून त्याचा अभ्यास केला. पण तिच्या दारात समुद्र होता. समुद्रापासून दूर, शहराच्या मध्यभागी तोच प्रयोग केला लंडनच्या ॲना थिन हिने. १८४६ मध्ये ती टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली असताना तिला जिवंत प्रवाळ दिसले. एका दगडी बरणीत समुद्राचे पाणी घेऊन, प्रवाळ धक्क्याने चिरडू नयेत म्हणून सुईदोऱ्याने मोठ्या स्पंजला शिवून तिने ते लंडनला आणले. नवरा वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठ्या हुद्द्यावर होता, घर तिथेच. ताजे पाणी मागवायची सोय मर्यादित, म्हणून तेच ते पाणी पुन्हा वापरायचे ठरले. त्यासाठी घरातली मोलकरीण उघड्या खिडकीसमोर उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात अर्धा-पाऊण तास ओतत राही. पाण्यात हवा मिसळण्यासाठी हा खटाटोप. पुढच्या वर्षी थिनबाईंनी त्यात समुद्री शैवाल घातले आणि ते पाणी टिकू लागले.

आज ज्या कामाला आपण पंप लावतो ते काम पहिल्यांदा एका मोलकरणीच्या दंडांनी केले. तिचे नाव या कहाणीत कुठे येत नाही. मत्स्यालयाच्या इतिहासावर बोलताना लोक थिनबाईंनाच विसरतात, तर तिची काय कथा.

शास्त्रीय श्रेय गेले रॉबर्ट वॉरिंग्टनकडे. हा लंडनचा रसायनतज्ज्ञ, तिथल्या केमिकल सोसायटीच्या स्थापनेत पुढे असलेला. त्याने काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पाने कुजू लागली, काच हिरवी झाली, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका पाला खाऊन टाकला आणि पाणी नितळ झाले. १८५० मध्ये त्याने हे सोसायटीपुढे मांडले: मासा प्राणवायू घेतो आणि कार्बनिक आम्ल सोडतो, वनस्पती उलट करते, गोगलगाय झाडलोट करते, तिघांचा तोल जमला की पाणी बदलण्याची गरजच नाही. पुढे त्याने समुद्राच्या पाण्यावरही हेच करून पाहिले.

इथे थोडे थांबायला हवे. या तोलाच्या हिशेबात प्राणवायू आहे, कार्बन आहे. नायट्रोजनचे नाव नाही. वॉरिंग्टनची टाकी चालली याचे एक कारण असे, की त्या वनस्पती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषून घेत होत्या. युक्ती बरोबर, कारण अर्धेच. पण ‘तोल’ ही कल्पना त्या काळाला फार आवडली. फिलिप हेन्री गॉस हा कमालीचा धर्मनिष्ठ निसर्गअभ्यासक. त्याला या काचेच्या पेटीत निर्मात्याची योजनाच दिसली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाऊस’ उघडले, १८५४ मध्ये गॉसचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले, आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत टाक्यांचे पीक आले. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी गॉसने कृत्रिम समुद्रपाण्याची कृतीही छापली. पण तोल मानला म्हणून तो राहत नाही. लोकांनी हौसेने जास्त जीव भरले, पाणी हिरवे पडले, वास सुटला, आणि दहाएक वर्षांत ते वेड ओसरले. मागे राहिले ते खरवडून रिकामे झालेले किनारे. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या आत्मकथनात बापाच्या पुस्तकांनी किनाऱ्यांची काय दशा केली ते हळहळत लिहिले आहे.

सार्वजनिक मत्स्यालये बांधणाऱ्या विल्यम आल्फर्ड लॉइडने वेगळा मार्ग काढला. हॅम्बुर्ग, मग १८७१ मध्ये लंडनचा क्रिस्टल पॅलेस, अशा ठिकाणी त्याने दर्शनी टाक्यांच्या खाली, अंधारात, त्यांच्यापेक्षा कित्येक पटींनी मोठा हौद ठेवला आणि पाणी सतत वर-खाली फिरवले. अंधारात शेवाळ वाढत नाही, पाणी स्वच्छ दिसते. पण घाण नाहीशी झाली नव्हती, ती मोठ्या पाण्यात पातळ झाली होती.

आता या कहाणीतला मला सर्वांत आवडणारा भाग. १८७७ मध्ये पॅरिसमध्ये श्लेझिंग आणि म्यूंट्झ हे दोघे शहराचे सांडपाणी शुद्ध करण्याच्या खटपटीत होते. त्यांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी अगदी हळू झिरपवले. पहिले वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागला आणि अमोनिया संपला. हे निव्वळ रसायन असते तर वीस दिवस वाट कशाला पाहावी लागली असती? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बनणे थांबले. म्हणजे काम करणारे जिवंत होते. सोरा पिकवणारे ते ‘काहीतरी’ पहिल्यांदा पकडले गेले.

हा धागा इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेत ज्याने उचलला त्याचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा, नाव बापाचेच. बापाच्या काचेच्या भांड्यात ज्या नायट्रोजनचा हिशेब राहून गेला होता, त्याच्यामागे मुलाने आयुष्याची दहा-बारा वर्षे घालवली. त्याने दाखवले की हे काम दोन टप्प्यांत होते आणि दोन टप्प्यांचे कामगार वेगळे आहेत: एक अमोनियाचे नायट्राइट करतो आणि थांबतो, दुसरा तिथून पुढे नायट्रेट करतो. ते जिवाणू वेगळे काढून वाढवणे मात्र त्याला जमले नाही. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिलेटिनवर ते वाढायला तयार नव्हते. १८९० मध्ये झुरिकमध्ये सर्गेई विनोग्रॅडस्कीने ते केले, कारण त्याने ओळखले की या जिवाणूंना सेंद्रिय अन्न नकोच असते. ते अमोनियाच्या ज्वलनावर जगतात. बक्षिसाची ओळ विनोग्रॅडस्कीच्या नावावर लिहिली गेली. पण बापाची टाकी आणि मुलाची माती ही एकाच प्रश्नाची दोन टोके होती, हे मला कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठे वाटते.

त्याच दशकात फ्रान्समध्ये बोर्दो इथे गेयाँ आणि द्यूपेती यांनी उलटी क्रिया अभ्यासली. हवा मिळाली नाही की काही जिवाणू नायट्रेटमधलाच ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. त्यांनीच या क्रियेला डिनायट्रिफिकेशन हे नाव दिले. शेतीशास्त्रज्ञांना ही वाईट बातमी होती: खतातला मोलाचा नायट्रेट शेतातून उडून जातो, म्हणजे जिवाणू चोर ठरले. शेतकऱ्याचा हा चोर टाकीवाल्याचा चौकीदार होऊ शकतो, असे कुणाला सुचले नाही.

न सुचण्याचे साधे कारण होते. मोठी मत्स्यालये समुद्राकाठी असत. नेपल्समध्ये १८७४ मध्ये उघडलेले, मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ मध्ये उघडलेले, मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये उघडलेले आपले तारापोरवाला. दारात समुद्र असला की नवे पाणी आत, जुने बाहेर. नायट्रेटची चिंता समुद्राने करावी. मात्र समुद्रापासून दूर, बंद पाण्यावर टाकी चालवायची तर ही पळवाट नाही.

विसाव्या शतकाच्या मध्याला घरगुती टाक्यांत अंडरग्रॅव्हल फिल्टर आला. वाळूखाली भोकांची प्लास्टिकची पट्टी, हवेच्या जोरावर पाणी वाळूतून खाली ओढले जाते. श्लेझिंगची नळीच ती, आडवी केलेली. वाळूत जिवाणू बसतात, अमोनियाचा फडशा पाडतात. खाऱ्या पाण्यातले मासे घरात जगू लागले ते या साधनामुळे. पण वाळूच्या प्रत्येक कणाला भरपूर ऑक्सिजन मिळतो, म्हणजे साखळीचा पहिला अर्धा भागच चालतो. सोरा पिकतो, उडत नाही. पुढे १९८६ मध्ये जॉर्ज स्मिटने अमेरिकन मासिकातून ‘मिनी-रीफ’ टाकी लोकप्रिय केली. तिच्यात प्लास्टिकच्या काटेरी गोळ्यांवरून पाणी ठिबकत असे. अमोनिया पळभर टिकत नसे आणि नायट्रेट चढतच जाई. काही वर्षांत हौशी लोकच त्या गोळ्यांना नायट्रेटचा कारखाना म्हणू लागले आणि एकेक मूठ काढून टाकू लागले. माझ्या भाच्याच्या घरघरणाऱ्या पेटीत याच गोळ्या भरल्या होत्या.

खरी चाल तोवर जगाला दाखवून झाली होती, पण ती युरोप-अमेरिकेतून आलेली नव्हती. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली. समुद्रातले सच्छिद्र दगड त्यांच्यावरच्या सगळ्या जीवसृष्टीसकट आणायचे, समुद्राचेच पाणी आणि वाळू, आणि हवेचे बुडबुडे अगदी मोजके. फिल्टर नाही. त्यांच्या टाकीत प्रवाळ जगत होते, जे त्या वेळी इतरांना अशक्य वाटत होते. लोकांनी फोटो पाहून वाहवा केली आणि दोन दशके त्याकडे दुर्लक्ष केले. उष्ण समुद्राच्या काठी राहणाऱ्याला ते सोपे आहे, असे म्हणून विषय संपवला. जकार्तातल्या एका हौशी माणसाऐवजी हेच एखाद्या नामांकित विद्यापीठातून आले असते तर इतकी वाट पाहिली गेली असती का, हा प्रश्न मला पडतो.

त्या दगडात नेमके काय होते? बाहेरच्या पापुद्र्यात हवा खेळते, तिथे अमोनियाचे नायट्रेट होते. आत, बारीक छिद्रांच्या तळाशी, ऑक्सिजन पोचता पोचता संपतो. तिथे गेयाँ-द्यूपेतींचे जिवाणू बसलेले असतात. बनलेला नायट्रेट दोन-चार मिलिमीटर आत झिरपला की त्याचा वायू होतो. कारखाना आणि स्मशान एकाच दगडात.

बर्लिनच्या हौशी मंडळींनी, डीट्रिश श्ट्यूबर आणि पेटर विल्केन्स यांच्या वर्तुळात, हा दगड आणि प्रोटीन स्किमर यांची जोडी जमवली. स्किमर म्हणजे उभ्या नळीत अतिबारीक बुडबुडे सोडून फेस करायचा आणि तो फेस वर पेल्यात गोळा करायचा. विरघळलेली सेंद्रिय घाण बुडबुड्याला चिकटून येते. लाटा किनाऱ्यावर पिवळट फेस टाकतात तेच हे. याचा मोठेपणा असा, की ही घाण अमोनिया होण्याआधीच बाहेर निघते. जो नायट्रेट बनलाच नाही तो घालवावा लागत नाही. गोड्या पाण्यात असा फेस धरत नाही, त्यामुळे हे साधन खाऱ्या पाण्याचेच.

नीसचे प्राध्यापक झां जॉबेर यांनी १९८० च्या दशकात आणखी एक गोष्ट केली, आणि मोनॅकोच्या सागरी संग्रहालयात ती मोठ्या प्रमाणावर चालली. टाकीच्या तळाशी भोकांची पट्टी, तिच्याखाली पाण्याची मोकळी जागा, वर जाडसर चुनखडी वाळूचा थर. हुबेहूब अंडरग्रॅव्हल फिल्टर! फरक एकच: पाणी खाली ओढणारा पंप काढून टाकला. पाणी वाळूतून आपल्या संथ गतीने वर-खाली मुरते, खोलवर ऑक्सिजन कमी होतो आणि नायट्रेट वायू होऊन जातो. तीस वर्षे लोक ज्या साधनाने नायट्रेट वाढवत होते, त्याच साधनाची तार उपटली की ते नायट्रेट घटवते.

वॉरिंग्टन-बापाची वाटही पुन्हा उघडली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये वॉल्टर एडी यांनी १९८० मध्ये प्रवाळभिंतीचे प्रदर्शन उभारले. प्रखर दिव्याखाली जाळीवर शैवाल वाढवायचे, पाणी त्यावरून फिरवायचे आणि शैवाल नियमित खरवडून काढायचे. शैवालात अडकलेला नायट्रोजन त्याच्याबरोबर बाहेर जातो. खरवडून काढणे महत्त्वाचे. टाकीतच कुजू दिले तर सगळे परत पाण्यात. घरगुती टाकीत लोक वेगळ्या कप्प्यात केटोमॉर्फा हे गुंतवळीसारखे शैवाल वाढवतात, ते याचेच धाकटे रूप. आणखी काही जण जिवाणूंना कार्बन पुरवण्यासाठी टाकीत थेंब-थेंब व्होडका घालतात, कुणी व्हिनेगर. आमच्या घरात व्होडकाचा विषय निघाल्यावर बहिणीने भाच्याकडे ज्या नजरेने पाहिले ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. व्हिनेगरने तेच काम होते. एवढे ध्यानात ठेवावे, की जिवाणूंना वाढायला नायट्रोजनबरोबर थोडा फॉस्फेटही लागतो. फॉस्फेट शून्य असेल तर कार्बन कितीही घाला, नायट्रेट हलत नाही. आणि डोस घाईने वाढवला तर जिवाणू एकदम फोफावतात, पाणी दुधाळ होते, ऑक्सिजन खाली येतो आणि सकाळी मासे मेलेले सापडतात.

पाणी बदलण्याचे काय, असे वाचक विचारतील. ते करावेच, पण त्याचे गणित समजून. नायट्रेट लिटरमागे ८० मिलिग्रॅम असताना पाव पाणी बदलले की ६०, पुन्हा पाव बदलले की ४५, मग ३४, मग २५. झपाट्याने उतरते असे वाटते. पण टाकीत उत्पादन चालूच असते. समजा दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम नवा नायट्रेट बनतो आणि आपण दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलतो. तर आकडा चढत चढत ५० च्या आसपास जाऊन तिथेच बसतो. तेव्हा एक तर उत्पादन कमी करायचे, म्हणजे खाद्य आणि मासे कमी, स्किमर चांगला. नाही तर टाकीत विल्हेवाटीची सोय करायची. बाटलीतल्या औषधावर माझा भरवसा नाही. नायट्रोजन कुठे तरी जायला हवा: पाण्याबरोबर, शैवालाबरोबर, फेसाबरोबर, किंवा वायू होऊन. या चारपैकी कुठून तो जाणार आहे हे जी बाटली सांगत नाही, ती घेऊ नये.

आकडा वाचतानाही जपावे. काही चाचण्या नायट्रेट सांगतात, काही नुसता त्यातला नायट्रोजन. दुसऱ्या आकड्याला ४.४३ ने गुणले की पहिला मिळतो. प्रवाळभिंतींवरच्या समुद्रात नायट्रेट लिटरमागे एक मिलिग्रॅमच्याही बराच खाली असतो. घरच्या टाकीत नुसते मासे असतील तर २०-३० च्या आत ठेवला तरी चालते, प्रवाळ असतील तर ५-१० च्या आत. शून्याचा हट्ट धरू नये. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही थोडा नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतोच. अगदी उपाशी ठेवलेले प्रवाळ फिके पडते.

भाच्याच्या बाबतीत आणखी एक चोर सापडला, तो टाकीबाहेर. मीठ कालवायला तो बोअरचे पाणी वापरत होता. ते नुसते तपासले तर त्यातच ३५ आले. म्हणजे दर वेळी पाणी बदलताना तो नायट्रेट ओतत होता. पिण्याच्या पाण्यात आपल्याकडे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांतल्या विहिरी-बोअर ती ओलांडतात. शेतातला युरिया, गोठे, संडासांचे शोषखड्डे: सोरा पिकायला जे लागते ते सगळे आपण जमिनीत भरतो आहोत, आणि खाली विल्हेवाट लावणारा थर पुरेसा नाही. १९४५ मध्ये अमेरिकेत आयोवामधल्या एका डॉक्टरने विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे तान्ही मुले निळी पडतात हे नोंदवले, तिथून या मर्यादेचा विचार सुरू झाला. भाच्याच्या सोसायटीत त्याच बोअरचे पाणी काही घरांत पितात. टाकीतल्या माशांमुळे निदान ते तपासले तरी गेले. आता सोसायटीच्या सभेत तो विषय आहे.

टाकीसाठी त्याने आरओचे पाणी सुरू केले, प्लास्टिकच्या गोळ्या तीन आठवड्यांत थोड्या थोड्या करून काढल्या. राहिला दगड. जिवंत प्रवाळखडक समुद्रातून आणणे आपल्याकडे गुन्हा आहे. भित्ती बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, आणि एडमंड गॉसने पाहिलेले उघडे किनारे आठवले की ते योग्यच वाटते. म्हणून कोरडा, सच्छिद्र चिनीमातीचा दगड घ्यायचा आणि त्यात जिवाणू वसण्याची वाट पाहायची. बाहेरचा थर महिन्या-दीड महिन्यात तयार होतो. आतले, हवा नको असणारे, फार सावकाश येतात. सहा महिने, कधी वर्ष. तोवर दर आठवड्याला दोन बादल्या पाणी बदलायचे आणि मासे वाढवायचे नाहीत.